एअर प्युरिफायर अर्ध्या किमतीत मिळाला, बाकीची वसुली फिल्टरमधून झाली

बरेच दिवस लिहायचं होतं पण आपणच गंडलो हे चारचौघांत कशाला सांगा म्हणून टाळत होतो. परवा साडूंचा फोन आला, प्युरिफायर घेऊ का, अर्ध्या किमतीत मिळतोय. तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो, कारण मलाही अर्ध्या किमतीतच मिळाला होता.

बाबांना दमा आहे, धूळ जरा वाढली की रात्रभर खोकला. म्हणून घ्यायचंच असं ठरवून गेलो होतो आणि गिऱ्हाईक ठरवून आलंय हे विकणाऱ्याला बरोब्बर कळतं. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या, फिल्टर किती दिवस चालतो आणि हॉलला पुरेल का. तो म्हणाला, "सर, वर्षभर हात लावायचा नाही, आणि हॉलचं काय घेऊन बसलात, 600 स्क्वेअर फूट कव्हर करतो." खोक्यावर पण तेच छापलेलं, मग शंका कशाला घ्यायची. दोन्ही आकड्यांच्या डोक्यावर एक एक बारीक चांदणी (*) होती, ती मी नंतर बघितली. नंतर म्हणजे चार महिन्यांनी.

त्याआधी एक किस्सा, हसू नका. नवीन फिल्टर मशीनच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत पॅक असतो, ती पिशवी काढून मग तो परत बसवायचा असतो. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही पुस्तिका उघडली नाही, आणि पंधरा दिवस ते मशीन तसंच चालू. बाबा म्हणायचे फरक वाटतोय 😀 पण गंमत पुढे आहे, पिशवी काढली तेव्हा बघितलं तर अ‍ॅपमध्ये फिल्टरचं उरलेलं आयुष्य पंधरा दिवसांनी कमी झालेलं! पिशवीत बंद असलेला, एक कण न लागलेला फिल्टर वापरला गेला म्हणे. माझ्या मशीनमधलं ते मीटर घाण मोजत नाही, नुसते चालू असलेले तास मोजतं, हे तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं.

चौथ्या महिन्यात फिल्टर बदला सांगणारा लाल दिवा लागला. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाल्या, सर दिवसाला किती तास वापरता? म्हटलं चोवीस तास, घरात पेशंट आहे. "मग बरोबर आहे सर, एक वर्ष हे दिवसाला 8 तासांच्या हिशोबानं." म्हणजे 8 गुणिले 365, झाले 2920 तास, आणि दिवसरात्र चालवलं की साधारण 122 दिवसांत खल्लास. हाच तो चांदणीचा अर्थ. आणि फिल्टरची किंमत किती, तर मी मशीनला जेवढे मोजले त्याच्या 40 टक्के. वर्षाला तीन फिल्टर म्हणजे दर वर्षी मशीनच्या जवळजवळ सव्वापट पैसे. तीन वर्षांत नऊ लागणार, त्यातला पहिला खोक्यातला, उरले आठ, म्हणजे मशीनच्या तिप्पट तर नुसते फिल्टर आणि वर थोडे. बाबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

इथपर्यंत मी माझ्या आळसाला दोष देऊ शकतो, चांदणी वाचली नाही ना. खरी टोपी पुढे घातली. त्याच फोनवर बाई म्हणाल्या की सर तुमचा वापर जास्त आहे तर तीन वर्षांचा सर्व्हिस प्लॅन घ्या, त्यात सगळं कव्हर्ड. मी विचारलं, सगळं? हो सर, सगळं. किंमत साधारण दोन फिल्टरएवढी, मला वाटलं आपणच त्यांना गंडवतोय, तिथल्या तिथे पैसे भरले. चार दिवसांनी माणूस आला, पुढची जाळी ब्रशनं झाडली, सेन्सरच्या भोकात कॉटन बड फिरवला, एक बटण काही सेकंद दाबून धरलं, लाल दिवा गेला. निघाला. अहो फिल्टर? "सर, फिल्टर कन्झ्युमेबलमध्ये येतो, म्हणजे वापरून संपणारी वस्तू, प्लॅनमध्ये मोटर, पीसीबी म्हणजे आतला सर्किट बोर्ड, आणि व्हिजिट." जे काम मी घरी दहा मिनिटांत केलं असतं त्याचे तीन वर्षांचे पैसे आगाऊ देऊन बसलो होतो. तक्रार केली तर म्हणतात अटी मेलवर पाठवल्यात. पाठवल्या होत्या हे खरं, पैसे भरल्यानंतर.

मग चिडून मी दुसरा गाढवपणा केला. ओरिजिनलच्या एक तृतीयांश किमतीत कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बनवलेला, फिल्टर ऑनलाइन मागवला, वर लिहिलेलं हेपा टाइप. हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, आणि खऱ्या हेपाचा निकष साधारण 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवणं हा धरतात, युरोपात एच13 हा दर्जा म्हणजे 99.95 टक्के, पण हेपा टाइप किंवा हेपासारखा याला काहीच बंधन नाही, तो नुसता शब्द आहे. आलेल्या मालाला गोंदाचा वास, घड्या विरळ, आणि कडेला जी फोमची पट्टी असते ती गायबच. हवा आळशी असते, फटीतून जायला मिळालं तर फिल्टरमधून कशाला जाईल? बाबांचा खोकला आठवड्याभरात पुन्हा सुरू. पुढे मशीनमधून घरघर यायला लागली तर वॉरंटी नाकारली, कारण काय तर बाहेरचा फिल्टर लावलात. प्लॅनमध्ये मोटर कव्हर्ड होती ना? होती, पण ओरिजिनल फिल्टर लावला असेल तरच. मग ते दुरुस्तीचे पण खिशातून गेले.

आता 600 स्क्वेअर फुटांचं. खोक्यावर सीएडीआर म्हणून आकडा असतो, तासाला किती स्वच्छ हवा देतो तो, माझा 150 घनमीटर. 600 स्क्वेअर फूट, नऊ फूट उंची, म्हणजे साधारण 153 घनमीटर हवा. म्हणजे हा पठ्ठ्या अख्ख्या तासात खोलीची हवा जेमतेम एकदा फिरवणार! दम्यासारखा त्रास असेल तर तासाला चार-पाच वेळा फिरायला हवी असं धरतात, त्या हिशोबानं तो 120 स्क्वेअर फुटांना पुरतो, बाबांच्या खोलीएवढ्याला. आणि तो 150 पण फुल स्पीडवरचा, त्या आवाजात कोण झोपणार, झोपेच्या मोडवर त्याचा किती उरतो ते खोक्यावर कुठेच नाही. वासासाठी म्हणून जो कार्बन फिल्टर मिरवतात तो माझ्या मशीनमध्ये काळी पावडर लावलेली पातळ जाळी निघाली, त्यात मोजून काही ग्रॅम कार्बन, तो भरला की संपलं.

थोडा खर्च माझा मीच वाढवला हेही सांगतो. खोली कोरडी वाटते म्हणून शेजारीच अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं हवेत सोडणारं यंत्र, ठेवला होता, साध्या नळाच्या पाण्याचा. त्या पाण्यातले क्षार बारीक पांढरी धूळ होऊन उडतात, सेन्सरला वाटतं हवा भयंकर खराब, ऑटो मोड फुल स्पीड, आणि ती सगळी पांढरी पूड फिल्टरमध्ये. दोन यंत्रं एकमेकांशी भांडत होती आणि बिल मी भरत होतो. विजेचं म्हणाल तर फुल स्पीडला 50 वॅट धरा, वर्षभर दिवसरात्र म्हणजे 438 युनिट, स्लो वर त्यापेक्षा खूपच कमी. फिल्टरपुढे ते काहीच नाही.

साडूंना मी सांगितलंय की किंमत विचारूच नका, आधी फिल्टरची किंमत विचारा, मग तो किती तासांचा आहे, महिन्यांत सांगितला तर दिवसाला किती तास धरलेत. फिल्टरमध्ये चिप आहे का तेही बघा, काही मशीन चिप नसलेला फिल्टर लावला की कुरकुर करतात. काही जण सीसीएम नावाचा आकडा देतात, म्हणजे सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर किती मिलिग्रॅम धूळ खातो तो, असा आकडा देणारा निदान घाणीची भाषा तरी बोलतो. आणि हो, फक्त पुढची जाळी धुवायची, हेपा धुवायचा नाही, कोणी कितीही सांगू दे, तंतू खराब होतात.

आता मशीन फक्त बाबांच्या खोलीत, दार लावून, तेही ते खोलीत असताना. लाल दिवा लागला तरी लगेच पळत नाही, हवेचा झोत कमी झालाय का ते हातानं बघतो, तारीख लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात प्लॅन संपला आणि रिन्यूअलचा फोन आला, सर यावेळी फिल्टर पण कव्हर्ड आहे. म्हटलं छान, हे एक वाक्य मेलवर पाठवा, मग लगेच भरतो. म्हणाले पाठवतो. पाच आठवडे झाले.