आधी चाल की आधी शब्द?

रंकाळ्याच्या कठड्यावर गिटार घेऊन बसणाऱ्या बहुतेक पोरांचं गाणं कॉर्डपासूनच, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांपासूनच, सुरू होतं. जी, डी, ई मायनर, सी फिरवत राहायचं, ला-ला करत चाल धरायची, मग शब्द कोंबायचे. मजा लगेच येते, मित्रही ‘नाद खुळा’ म्हणून मोकळे होतात. हाल होतात ते मराठीचे: ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर पडलं की ‘दिन’चा ‘दीन’ होतो.

शब्द आधी लिहिले तर वेळ जातो, पण लय आयती मिळते. छोट्या अभंगाच्या धर्तीवर ८-८ अक्षरांचे दोन चरण लिहा, टाळी देत मोठ्यानं म्हणा. जोर पडेल तिथं डाउनस्ट्रोक, म्हणजे तारांवर हात वरून खाली. चार मात्रांच्या स्ट्रमिंगमध्ये, म्हणजे तारा छेडायच्या ठेक्यात, ते चरण छान बसतात. धोका एवढाच, की गाण्याऐवजी नुसती कविता हातात राहते आणि मुखडा काही सापडत नाही.

पट्टीची चिंता दोन्हीकडं नको. दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या घरात, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की जी कॉर्डच्याच बोटांनी ए वाजतो.

चारच कॉर्ड येणाऱ्यानं माझ्या मते अंतरा शब्दांपासून बांधावा. मुखड्यापुरती मात्र चाल पुढं, शब्द मागं.