पुण्याची ‘पक्की सीट’ आणि आमचे १,६६,८०० रुपये

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी एका एजंटाने आमच्याकडून किती उकळले, तो आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो तेच आधी विचारतो. एक लाख सहासष्ट हजार आठशे. त्यात ११,८०० नोंदणीचे, ९०,००० ‘सीट ब्लॉक’ करायचे आणि ६५,००० फी माफीची ‘फाईल’ चालवायचे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. केंद्रावर बारदाना नव्हता म्हणून व्यापाऱ्याला चार हजाराच्या आसपास घातलं. त्या भावाने हे एकेचाळीस क्विंटलच्या वर गेलं. माझ्या शेतात वर्षाला तेवढं होतही नाही. उरलेले हिच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले.

मी अडाणी नाही. बी. ए. झालेलो आहे, ग्रामपंचायतीत पाच वर्षं बसलो आहे, सातबाऱ्यावरची खाडाखोड मला दिसते. ‘शिकलेला माणूस कसा काय फसला’ असं म्हणणाऱ्यांनी आधी कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या, कटऑफची पीडीएफ उघडून बघावी, मग बोलावं.

मुलीला २०२५ च्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, ९१.३८ पर्सेंटाइल आले. गावात पेढे वाटले, सरपंचांनी शाल घातली. एक्क्याण्णव म्हणजे शंभरातले एक्क्याण्णव, असंच सगळे समजून चालले. तसं नसतं. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शेकडा किती पोरं राहिली. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला चार लाखांवर पोरं बसतात; ९१.३८ म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास पोरं आपल्या पुढे. पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटरचा ओबीसीचा कटऑफसुद्धा ९९ च्या वर असतो. हे मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा सांगणारा एकच भेटला, आणि तो हा फसवणारा एजंट निघाला.

तालुक्याला मंगल कार्यालयात ‘मोफत प्रवेश मार्गदर्शन शिबिर’ होतं. मोफत या शब्दावरच अर्धा तालुका जमला होता. कोट घातलेला माणूस, नागपुरात ऑफिस, प्रत्येकाचं स्कोअरकार्ड हातात घेऊन लगेच सांगायचा: तुमचं इथं लागेल, तुमचं तिथं. आमचं बघितलं आणि म्हणाला, “काकाजी, पोरगी हुशार आहे. पुण्याच्या सरकारी कॉलेजात बसवून देतो. पक्की सीट.” पुणं ऐकल्यावर कोणता बाप उठून जाईल?

आता तो कागद. रात्री झोप लागत नाही ती याच कागदापायी. त्याने मागच्या वर्षाच्या कटऑफचं एक पान काढून दाखवलं. वरचा भाग दुमडलेला. बोट ठेवलं त्या रकान्यात नव्वदीतला आकडा, कॉलेज तेच, पुण्याचं. मुलीने दुमड उघडली आणि म्हणाली, “बाबा, याच्यावर तं पीडब्ल्यूडी ओबीसी लिहिलं आहे.” तो जागचा हलला नाही. म्हणाला, “हाव, पीडब्ल्यूडीचाच कोटा आहे. सार्वजनिक बांधकामचा. सरकारी कॉलेज आहे ना बेटा, खात्याच्या सीटा राहतात. साहेब आपल्या ओळखीचे आहेत.”

आमच्या भागात पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्ते, पूल, ठेकेदार आणि डांबर. खात्यात ओळख असली की काम होतं हे लहानपणापासून बघत आलो आहे. म्हणून पटलं. पण कटऑफच्या त्या रकान्यातलं पीडब्ल्यूडी म्हणजे दिव्यांगांसाठी राखीव जागा. माझ्या धडधाकट पोरीचा त्या जागेशी काडीचा संबंध नव्हता. ती गप्प झाली कारण मी डोळे वटारले, मोठ्या माणसासमोर उलट बोलू नये म्हणून. एकाही माहितीपत्रकात हे मराठीत ठळक छापलेलं मी पाहिलं नाही. इंग्रजी अक्षरांची ती रांग शेतकऱ्याने कुठून ओळखायची?

ओळखायची कशी ते सांगतो. रकान्याचं पहिलं अक्षर जी असेल तर मुलगा-मुलगी सगळ्यांसाठी, एल असेल तर मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभरासाठी. सुरुवातीला पीडब्ल्यूडी किंवा डीईएफ दिसलं तर ते दिव्यांगांचं आणि सैनिकांच्या मुलांचं. आपलं नसेल तर तिकडे बघूच नका. दुमडलेला कागद कोणी दाखवला तर पूर्ण उघडायला लावा. पूर्ण पीडीएफ सीईटी सेलच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या, संकेतस्थळावर फुकट असते.

मग पैसे. ११,८०० च्या पावतीवर ‘दहा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी’ असं लिहिलं होतं आणि जीएसटी नंबर कुठेच नव्हता. ९०,००० रोख घेतले, पावती नाही. “कोट्याच्या कामाले पावती राहते का काकाजी?” म्हणाला. सरकारी कॉलेजात मॅनेजमेंट कोटा नसतोच. तो खासगी विनाअनुदानित कॉलेजात असतो, फार तर वीस टक्के, आणि त्यालाही नियम आहेत. सरकारी कॉलेजात कॅपनंतर जागा उरल्याच तर त्याही गुणवत्तेने भरतात. सरकारी जागेसाठी रोख मागणारा माणूस चोर आहे, याच्यात दुसरा विचार करायचं कारण नाही.

पण खरा डाव पैशाचा नव्हता. कॅपची नोंदणी ‘आम्हीच करून देतो’ म्हणून त्याने केली, आणि अर्जात मोबाइल नंबर स्वतःच्या माणसाचा टाकला. म्हणजे ओटीपी त्याला, मेसेज त्याला, पासवर्ड त्याच्याकडे. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर नागपूरकडचं एक खासगी कॉलेज टाकलं. “हे सेफ्टी म्हणून. पुण्याचं दुसऱ्या राउंडले वर चढवू.” पहिल्याच राउंडला तेच लागलं आणि वर चढवायला काही उरलंच नाही. पहिल्या राउंडमध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडमध्ये तुम्ही नाहीच. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंतींना, तिसऱ्याला पहिल्या सहांना हाच नियम लागला. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक पोरामागे त्या कॉलेजकडून त्याला किती मिळतात ते त्या कॉलेजातल्याच शिपायाने आम्हाला हळूच सांगितलं, लिहून द्यायला मात्र तयार नाही.

यवतमाळच्या सरकारी कॉलेजात मुलीला कम्प्युटर नाही तरी दुसरी एखादी शाखा मिळण्यासारखी होती, घरापासून एसटीच्या अंतरावर. ते नाव यादीत खाली कुठेतरी टाकलेलं निघालं.

सगळ्यात संताप त्या ६५,००० चा येतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. २०२४ पासूनचा निर्णय आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर आणि जात वैधता आमच्याकडे तयार होती. यानेच ‘मंत्रालयातून फी माफ करून आणतो’ म्हणून पासष्ट हजार घेतले. चाळीस फोनवरून, पंचवीस रोख. फी माफ झाली तेव्हा मी त्याला नारळ आणि शाल घेऊन भेटायला गेलो होतो. सरकारने दिलेल्या माफीसाठी.

पुढचं ऐका. तालुक्याच्या ठाण्यात गेलो. “ऑफिस नागपूरले आहे, तिथं द्या.” नागपूरच्या ठाण्यात गेलो. “पैसे तुमच्या तालुक्यात दिले ना? मग तिथं.” गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायचा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेलो तर हवालदार म्हणाला, “वकील झाला का?” मग म्हणे हा दिवाणी मामला आहे. मग म्हणे रोख दिले त्याचा पुरावा काय. मग म्हणे मर्जीने दिले, ॲडमिशन तं झालीच, फसवणूक कुठं झाली? पोरगी बाहेर बाकड्यावर बसून हे ऐकत होती. वरच्या कार्यालयात अर्ज दिला, तर काही दिवसांनी पत्र आलं: आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. कुठे वर्ग केला? त्याच तालुक्याच्या ठाण्यात. ज्याने हाकललं त्याच्याच टेबलावर. आणि त्याने फोन करून विचारलं, “काहून वर गेले तुम्ही?”

बँकेत गेलो तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. फोनवरून गेलेल्या पैशासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला त्याच दिवशी फोन करा, उशीर झाला की पैसा खात्यातून पुढे निघून जातो. हे आम्हाला उशीर झाल्यावर सांगितलं गेलं.

कागदपत्रं तपासायला सुविधा केंद्रं असतात. तिथल्या मास्तरांना ऑप्शन फॉर्मचं विचारा, पैसे लागत नाहीत. गेल्या दोन वर्षांचे कटऑफ समोर ठेवून यादी पोराला स्वतःच्या हाताने भरू द्या, जे खरंच हवं तेच वर. फॉर्म कन्फर्म केल्यावर छापील प्रत घरी आणा. नोंदणीत नंबर तुमचा आहे का ते आजच बघा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. पाच लाखांपर्यंत तिथे शुल्क लागत नाही. वकील म्हणतात एकट्याच्या एका पावतीने जोर येत नाही. ज्यांच्याकडे ११,८०० ची, जीएसटी नंबर नसलेली, निळ्या शिक्क्याची पावती असेल त्यांनी ती फाडू नका. लाज वाटत असेल तर माझ्याआड उभे राहा, पण पावतीची झेरॉक्स द्या.