12 आठवड्यांची प्रार्थना डायरी: पूर्ण भरून झाल्यावर लिहितेय

डायरी हातात आली त्याला चार महिने झाले, शेवटचं पान लिहूनही पंधरा दिवस होऊन गेले, आणि आत्ता कुठे रिव्ह्यू लिहायला बसलेय कारण असल्या वस्तूबद्दल दोन दिवसांत काही सांगताच येत नाही. अशा डायऱ्या बऱ्याच निघतात, आतला आराखडा थोड्याफार फरकाने सारखाच असतो, म्हणून प्रकाशकाचं नाव देत नाही, आराखड्याबद्दलच बोलते.

कुठल्या दिवसांत वापरली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं, म्हणजे त्यांना समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं की समजतंय, पण शब्द काही केल्या बाहेर येईना, पाणी हवं असलं तरी नुसतंच आ करून बघत राहायचे. मी लहानपणापासून प्रार्थना करत आलेय, घरात सगळेच करतात, पण त्या दिवसांत माझी प्रार्थना म्हणजे पाठ केलेला अर्ज झाला होता. प्रभू तुझे आभार, तुझी इच्छा पूर्ण होवो, आमेन, एवढं म्हणून डोळे उघडायचे आणि छातीत नुसती आग. मनात जे चाललं होतं त्यातलं एक अक्षर मी देवाला सांगत नव्हते. असं बोलू नये, देवाचा राग येईल, आत्या तर तोंडावर म्हणाली की जास्त कुरकुर केलीस तर विश्वास कमी पडला असं होतं, आणि मी ते खरं मानून गप्प. तेव्हा एका मैत्रिणीने ही डायरी पाठवली.

आता डायरी. रोजची दोन पानं. डावीकडे वर एक वचन आणि खाली चार मथळे: हाक, तक्रार, मागणं, भरवसा. उजवं पान पूर्ण कोरं, रेघा मारलेलं. बास. वरवर साधं वाटतं, पण हा आराखडा कुणी ऑफिसात बसून काढलेला नाहीये, स्तोत्रसंहितेतल्या विलापाच्या स्तोत्रांचा हाच सांगाडा आहे. 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची धरतात, म्हणजे बायबलच्या प्रार्थनेच्या पुस्तकात रडण्याला, भांडण्याला एवढी जागा आहे, आणि आम्ही मात्र रविवारी तीच ती पाच-सहा गोड स्तोत्रं वाचतो. 13वं स्तोत्र काढून बघा, सहाच ओव्या आहेत, पहिल्या दोनातच चार वेळा "कुठवर" येतं. देवा कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. मग मागणं, मग शेवटी भरवसा. डायरीने हाच क्रम उचललाय आणि तक्रारीला भरवशाच्या आधी ठेवलंय, आणि माझ्या मते या डायरीचं अर्धं मोल या एका गोष्टीत आहे.

पहिले चार दिवस मी "तक्रार" कोरी सोडली. हाक लिहिली, मागणं लिहिलं, भरवशाखाली छान अक्षरात "माझा तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे" लिहिलं, जे त्या दिवशी खोटं होतं. पाचव्या रात्री बाबांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले होते, ते झोपेत डाव्या हाताने सलाईनची नळी चाचपत होते म्हणून मी एका हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलेलं आणि दुसऱ्या हाताने मांडीवर डायरी, आणि तक्रारीखाली लिहिलं, "तू झोपलायस का?" एवढंच. पेन इतकं दाबलं होतं की पुढच्या पानावर त्याचा खोलगट ठसा उमटला, दुसऱ्या दिवशी लिहिताना बोटाला लागत होता. लिहून झाल्यावर मी खरंच घाबरले, पान फाडावं असं वाटलं.

नाही फाडलं. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दिवसाचं वचन 44व्या स्तोत्रातलं आलं, मी पूर्ण स्तोत्र उघडलं तर शेवटाकडे तेच! प्रभू जागा हो, झोपलास का, आमचं दुःख का विसरतोस. माझ्या आधी किती पिढ्यांनी हे देवाच्या तोंडावर म्हटलंय, नुसतं म्हटलं नाही तर उपासनेत गायलंय, आणि ते पवित्र शास्त्रात जपून ठेवलंय. मी त्या स्टुलावरच रडले, पण त्या रडण्यात पहिल्यांदा हलकं वाटलं.

यावर पुढे बरंच वाचलं, तेही डायरीमुळेच. बायबलमधला ईयोब, ज्याच्यावर दुःखांचा डोंगर कोसळतो, त्याचे मित्र बघा, ते देवाची बाजू घेऊन बोलतात, सगळं बरोबर-बरोबर बोलतात, आणि ईयोब तर जन्मलो तो दिवस जळो इथपासून सुरुवात करतो. पण शेवटी 42व्या अध्यायात देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आत्याला मी हे वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण नंतर तिने कुरकुरीचा विषय काढला नाही. आणि स्वतः प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत हा (दुःखाचा) प्याला टळो म्हणून मागितलं, एकदा नाही तीनदा, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्या मागण्यासोबत आलं. मी ते मागणं गाळून थेट "तुझी इच्छा"वर उडी मारत होते, आणि त्यालाच भरवसा म्हणत होते.

भरवशाच्या रकान्यात पुढे पुढे काय लिहिलं जायचं ते बघितलं तर माझंच मला आश्चर्य वाटतं. "पूर्ण भरवसा" हा शब्द पाचव्या दिवसानंतर महिनाभर नाहीच. त्याऐवजी "आज काही वाटत नाहीये पण तुझ्याशीच बोलतेय", "कालच्या इतकाच", एका दिवशी नुसतं "मार्क 9:24". तिथे आजारी मुलाचा बाप आहे, तो येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. एकाच श्वासात दोन्ही. आणि येशू त्याला आधी विश्वास वाढवून ये असं म्हणत नाही, मुलाला बरं करतो. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे एक वाक्य पुरतं.

आता जे खटकलं ते. सगळ्यात पहिलं म्हणजे कव्हर. कव्हरवर सोनेरी अक्षरात यिर्मया 29:11 छापलंय, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देण्याचे आहेत. वचन सुंदर आहे, मला प्रिय आहे, पण त्याच्या आधीची ओवी वाचलीत का? 29:10 मध्ये 70 वर्षं सांगितलीत. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच पत्रात त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, लेकरं-नातवंडं होऊ द्या, म्हणजे वाचणाऱ्यांतले बरेच जण परत घरी जाणार नव्हते. हे माहीत असताना ते वचन कितीतरी जास्त धीर देतं, कारण ते लांबलेल्या संकटासाठीच लिहिलंय. कव्हरवर एकटं छापलं की ते शुभेच्छापत्र होतं. आत कुठेतरी अर्ध्या पानाची माहिती द्यायला हवी होती.

दुसरं, रोज खाली "आजचे पाच आशीर्वाद" अशा पाच ओळी आहेत. उपकारस्तुतीच्या विरोधात मी अजिबात नाही, पण ज्या दिवशी बाबांना परत ताप चढला त्या दिवशी त्या पाच ओळी भरायच्या म्हणून मी परत खोटं लिहायला लागले, म्हणजे डायरीने वर जे सोडवलं तेच खाली परत बांधलं. मी तिथे एक नियम केला, असेल तेवढंच लिहायचं, नसेल तर रेघ. कुठल्या दिवशी एकच असायचं, "नर्सने बाबांचे केस विंचरले". हे एक मनापासूनचं होतं.

तिसरं, प्रत्येक आठवड्याच्या शेवटी एक तक्ता आहे, विनंती आणि पुढे तीन चौकोन: हो, नाही, थांब. बाबा आता काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात, पंधरा-वीस शब्द स्पष्ट येतात, माझं नाव येतं, आईचं अजून येत नाही. टिक कुठे करू? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. ते या तिन्हीपैकी कुठल्या चौकोनात बसतं मला तरी सांगता येणार नाही. हा तक्ता मी दुसऱ्या आठवड्यानंतर भरला नाही.

आणि 88वं स्तोत्र संपूर्ण डायरीत नाहीये! विलापाची डायरी आणि 88 नाही. मला वाटतं मुद्दाम गाळलंय, कारण ते त्यांच्या चार मथळ्यांत बसत नाही, त्यात शेवटी भरवशाकडे वळण येतच नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. पण ज्या रात्री वळण येत नाही त्या रात्रीसाठीच तर ते आहे. तिथेही पहिलीच ओळ माझ्या तारणाच्या देवा अशी हाक आहे, हे विसरून चालणार नाही. मी ते स्वतःच्या हाताने शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवून काढलं, पूर्ण.

एक गोष्ट मात्र डायरीबाहेरची, आणि तिने माझा समज थोडा हलवला. डायरी वापरताना माझं पक्कं मत झालं होतं की प्रार्थना स्वतःच्या शब्दांतच हवी, पाठ केलेलं म्हणजे पोकळ. मग साधारण सातव्या आठवड्यात आई बाबांशेजारी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होती, आणि बाबा, ज्यांना पाणी हा शब्द येत नव्हता, ते "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तिच्याबरोबर म्हणायला लागले. जड जिभेने, मधले शब्द गिळत, पण म्हणत होते, शेवटच्या आमेनपर्यंत. आई थांबली की ते थांबायचे, ती सुरू झाली की सुरू. स्पीच थेरपिस्टनी नंतर समजावलं की अशा पेशंटमध्ये लहानपणापासून पाठ असलेलं, म्हणजे आकडे, गाणी, प्रार्थना, कधीकधी शाबूत राहतं, नवीन वाक्य जुळवणं जातं पण ते राहतं. बाबांकडे त्या वेळी दुसरे शब्दच नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला पोकळ कोण म्हणेल? त्या रात्री डायरीत मी चारही मथळे सोडून उजव्या कोऱ्या पानावर फक्त तेवढंच लिहिलं, तारीख घालून. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात आहे ना, आपल्याला कसं मागावं कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांनी सांगता न येणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. मी ते वचन शंभरदा ऐकलं असेल, पण कण्हणं म्हणजे काय ते बाबांकडे बघून कळलं.

म्हणून पुढच्या आवृत्तीत माझी एक सूचना आहे, तयार प्रार्थनांची पाच-सहा पानं मागे द्या. ज्याला लिहायचं त्राण नाही, वाचायचं पण नाही, त्याला शेजारच्याने ऐकवता येतील अशी. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मला मरू दे म्हणतो तेव्हा देव त्याच्याशी लगेच बोलत नाही, दूत येऊन त्याला उठवून खायला सांगतो, उशाशी भाकर आणि पाणी असतं, तो खातो आणि परत झोपतो, मग दूत दुसऱ्यांदा येऊन खायला उठवतो. लिहा लिहा म्हणणाऱ्या डायरीने अशा दिवसांचीही सोय करावी.

बाकी वस्तू म्हणून ठीक आहे. कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उतरते, बॉलपेनच वापरा. शिलाई तिसऱ्या आठवड्यात सैल झाली, मी रबरबँड लावून वापरली. खुणेची रिबन चांगली लांब आहे. साइज पिशवीत मावणारा आहे आणि हे महत्त्वाचं, कारण अशी डायरी टेबलावर बसून कमी आणि रांगेत, कॉटशेजारी, जिन्यात जास्त लिहिली जाते.

कोणाला द्यावी असं विचाराल तर ज्याचं संकट आत्ता चालू आहे आणि ज्याची प्रार्थना अडलीय त्याला नक्की द्या, पण देताना "रोज भर हं" असं म्हणू नका, आणि नंतर मागून वाचू तर अजिबात नका. माझ्या मैत्रिणीने देताना पहिल्या पानावर फक्त "1 शमुवेल 1" असं पेन्सिलीने लिहून दिलं होतं. तिथे मूल नसलेली हन्ना मुलासाठी मंदिरात इतकी तळमळून प्रार्थना करते की एली याजकाला ती दारू प्यायलीय असं वाटतं, आणि ती म्हणते नाही महाराज, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. तिने मागितलेला मुलगा शमुवेल अजून पोटातही नाही, आणि ती उठून जाऊन जेवते, तिचा चेहरा मग उदास राहत नाही. मी दुसरी प्रत मागवलीय, एका ओळखीच्या काकूंसाठी, त्यांचा मुलगा दोन महिने झाले आयसीयूत आहे. पहिल्या पानावर तेच लिहिणार आहे, आणि सोबत एक बॉलपेन.