खानावळ की डबा?

कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीत, आलेल्या गड्याच्या पोटाचं काय? डबेवाल्यांची सेवा महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केली, पण डब्यासाठी मुंबईत बिऱ्हाड हवं. बायकामुलं गावी, तर खानावळच. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भाकरी तव्यावरून थेट ताटात, वर ठेचा. हिशेब पगार झाला की. संपात पैसे थकले तरी खानावळ चालवणाऱ्या अनेकींनी ताट बंद केलं नाही. स्वतः मात्र वाण्याच्या, सावकाराच्या उधारीत बुडाल्या. 1975 मध्ये समाजसेविका प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. डबा सोयीचा, मान्य. पण मी खानावळीच्या बाजूची. डब्यातली भाकरी दुपारपर्यंत वातड होते हो!