बोस्टन नेमिंग टेस्ट : चांगली चाचणी, पण गुणांपेक्षा तिची नोंद वाचावी

नेमका शब्द न सापडणे ही तक्रार अफेजियाच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या वाचाघाताच्या, जवळजवळ प्रत्येक प्रकारात आढळते. त्यामुळे स्पीच थेरपिस्टच्या कपाटात चित्रांची नावे विचारणारी एखादी चाचणी असतेच, आणि पुष्कळदा ती बोस्टन नेमिंग टेस्ट असते. एडिथ कॅप्लान, हॅरोल्ड गुडग्लास आणि सँड्रा वाइनट्रॉब यांनी केलेली ही चाचणी 1983 साली प्रसिद्ध झाली आणि 2001 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. पलंगापासून अबॅकसपर्यंत साठ काळी-पांढरी रेखाचित्रे आणि उत्तरे टिपण्याचा तक्ता एवढीच तिची सामग्री आहे.

या चाचणीचे खरे मोल तिच्या मदतीच्या पायऱ्यांमध्ये आहे. चित्र दाखवल्यावर रुग्णाला साधारण वीस सेकंद दिले जातात. त्याने चित्रच चुकीचे ओळखले, उदाहरणार्थ अळंबीला छत्री म्हटले, तर 'ही खाण्याची वस्तू आहे' असा अर्थाचा इशारा दिला जातो. तरीही शब्द आला नाही, तर त्याचा सुरुवातीचा उच्चार पुरवला जातो, आणि तोही निष्फळ ठरला तर दुसऱ्या आवृत्तीत चार लिखित पर्याय पुढे ठेवता येतात. एकूण गुणांत मात्र स्वतःहून आलेली आणि अर्थाच्या इशाऱ्यानंतर आलेली बरोबर उत्तरेच धरतात. उच्चाराच्या इशाऱ्याने आलेली उत्तरे वेगळी नोंदवली जातात. माझ्या मते याच वेगळ्या रकान्यात निदानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, आणि अहवाल लिहिताना नेमका तोच गळतो.

कात्रीच्या चित्राचेच पाहा. एक काका 'सुरी' म्हणतात, दुसरे 'कारती' म्हणतात, आणि तिसऱ्या मावशी 'शिंप्याकडे असते ना, कापड कापायची, ती' असे सांगून थांबतात. तिघांनाही तूर्त गुण नाही, पण तिघांची अडचण एक नव्हे. मावशींना वस्तू काय आहे हे पक्के ठाऊक आहे, 'का...' म्हणताच त्यांच्या तोंडून 'कात्री' आली, तर शब्द शाबूत असून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अडली आहे, असे मानायला आधार मिळतो. 'कारती' म्हणणाऱ्या काकांना शब्द सापडला आहे, पण त्यातील ध्वनींची जुळणी बिघडते आहे. 'सुरी' या उत्तरावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. अर्थाची जाणच ढिली झाली असेल, किंवा अर्थ नीट कळूनही शेजारचा शब्द पुढे सरकला असेल. हा फरक बोस्टन चाचणी एकटी दाखवू शकत नाही. त्यासाठी बोलायला न लावता अर्थ तपासावा लागतो. डेव्हिड हॉवर्ड आणि कॅरालिन पॅटरसन यांची 1992 सालची 'पिरॅमिड्स अँड पाम ट्रीज' ही बावन्न प्रश्नांची चाचणी हेच काम करते : वरच्या चित्राशी खालच्या दोनपैकी कोणते जुळते, एवढेच बोटाने दाखवायचे असते.

आता उणिवा. साठही चित्रे नामांची आहेत, एकही क्रियापद नाही. ब्रोका प्रकारच्या, म्हणजे बोलणे अडखळत आणि तुटक होणाऱ्या, अफेजियात अनेकांना वस्तूंपेक्षा क्रियांची नावे जड जातात, आणि अशा रुग्णाचे गुण त्याच्या रोजच्या बोलण्यापेक्षा बरे चित्र उभे करतात. फाशीच्या दोराचे चित्र संचात आहे, त्यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतला आहे. आत्महत्येचे दुःख सोसलेल्या घरातील माणसापुढे ते पान उघडू नये, असे मलाही ठामपणे वाटते.

मराठी रुग्णासाठी मोठी अडचण चित्रांच्या क्रमाची आहे. अमेरिकी माणसाला सोप्याकडून अवघडाकडे नेणारा हा क्रम आपल्याकडे जागोजागी उलटतो. प्रेट्झेल, बीव्हर आणि ओकचे फळ निम्म्याच्या आसपास येऊन जातात. उलट नरसाळे 46व्या, दाराची कडी 51व्या, चिमटा 54व्या आणि बैलाच्या मानेवरचे जू 56व्या क्रमांकावर आहे, म्हणजे मराठवाड्यातील शेतकरी जे सहज सांगेल ते सगळे शेवटी. सलग आठ चुका झाल्या की चाचणी थांबवावी, असा नियम आहे. मधल्या हार्प, पेलिकन, युनिकॉर्न अशा चित्रांशी अडखळून चाचणी थांबली, तर त्या शेतकऱ्याला जू दाखवलेच जात नाही, आणि अनोळखी चित्रांचा दोष मेंदूच्या इजेच्या खाती पडतो. शिक्षणाचाही गुणांवर ठळक परिणाम होतो. शाळा फारशी न पाहिलेल्या आजींना रेखाचित्र वाचण्याचीच सवय नसते. त्यांच्यापुढे खरी पळी, खरे कुलूप ठेवून पाहिल्याशिवाय शब्द हरवला असे म्हणणे अन्यायाचे आहे. चष्मा, आणि पक्षाघातानंतर नजरेची एक बाजू गेली आहे का, हे तर आधीच तपासले पाहिजे.

फिलाडेल्फिया नेमिंग टेस्ट हा 175 चित्रांचा संच संशोधकांनी विनामूल्य खुला केला आहे, आणि चुकांच्या प्रकारांची त्याची वर्गवारी बोस्टनपेक्षा बारकाईची आहे. पण चित्रे तिथेही अमेरिकेचीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बोधनिक (म्हणजे स्मृती, भाषा, लक्ष अशा क्षमता तपासणाऱ्या) चाचणीसंचात चित्रनामाची चाचणी आहे, मात्र तो ज्या पाच भाषांत प्रथम तयार झाला त्यांत मराठी नव्हती.

म्हणून माझी शिफारस मर्यादित आहे. इंग्रजीतून शिकलेल्या, शहरी रुग्णासाठी बोस्टन चाचणी जरूर वापरावी. इतर मराठी रुग्णांसाठी तिच्या मदतीच्या पायऱ्या घ्याव्यात, चित्रे घरातील आणि शेतातील निवडावीत, केरसुणी, झाडू, खराटा ही सगळी उत्तरे बरोबर धरावीत आणि अमेरिकी मापदंडाशी तुलना करू नये. नातेवाइकांनीही अहवालात केवळ 'साठपैकी इतके' असा आकडा पाहून परतू नये. कोणत्या शब्दाला रुग्ण काय म्हणाला आणि कोणत्या इशाऱ्याने शब्द आला, ती नोंद मागून घ्यावी, कारण पुढची थेरपी तिच्यावरूनच आखली जाते.