गॅटलिनबर्गला मुक्काम कुठे: डोंगरमाथ्यावरचा लॉज की ‘एकांतातली’ केबिन?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सोबत आईवडील, लहान मुलं आणि कुकर असेल तर केबिन घ्या. दोघं-तिघंच असाल, गुडघे शाबूत असतील आणि एक रात्र आंघोळीवाचून, फोनवाचून काढता येत असेल तर डोंगरमाथ्यावरचा ल कॉन्ट लॉज. आणि काहीही झालं तरी जाहिरातीतल्या एकांतासाठी केबिनवाल्यांना जादा पैसे मोजू नका. तो तिथे मिळत नाही.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटाला राहतो. स्मोकी माउंटन्स आणि त्यांच्या पायथ्याचं टेनेसीतलं गॅटलिनबर्ग गाव इथून साधारण चार तासांवर, त्यामुळे लाँग वीकेंड आला की निम्मं मराठी मंडळ तिकडेच सापडतं. ठरलेला बेत असा: चार कुटुंबं मिळून सहा बेडरूमची केबिन, कोणी काय करून आणायचं याची शेअर केलेली शीट, रात्री हॉट टब आणि पत्ते. या वेळी मात्र वाईहून आई-बाबा आले होते, आणि बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “डोंगरात चाललोय, तर डोंगर चढायचा की नुसता खिडकीतून बघायचा?” त्यामुळे दोन्ही केलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सगळ्यांसाठी खाली केबिन घेतली, आणि मधली एक रात्र मी, बाबा आणि थोरली लेक वर लॉजवर राहून आलो. आईचे गुडघे आणि धाकटा, दोघं नवऱ्याच्या ताब्यात.

केबिनपासून सुरू करते. वेअर्स व्हॅलीच्या बाजूला होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिकडच्या डझनभर कंपन्यांचा कारभार थोड्याफार फरकाने असाच चालतो. फोटोत डेकसमोर फक्त झाडं आणि मागे निळसर डोंगर. प्रत्यक्षात डेकवर उभं राहिलं की समोर तीन केबिनी, आणि त्यांतल्या एका डेकवर टॉवेल गुंडाळून हॉट टबकडे निघालेले काका. हे कसं घडतं ते लक्षात घ्या. फोटो जुलैत काढलेले असतात, तेव्हा पानांची भिंत असते. नोव्हेंबर उजाडला की पानं खाली आणि शेजारी समोर. बुकिंग करण्याआधी पत्ता किंवा निदान रस्ता मागून घ्या आणि नकाशाचं सॅटेलाइट दृश्य उघडून बघा. छपरं किती जवळ आहेत ते दोन मिनिटांत कळतं. पत्ता द्यायला खळखळ केली तर त्यातच उत्तर आलं.

पैशांचं सांगायचं तर रात्रीचा दर बघून खूश होऊ नका. त्यावर क्लीनिंग फी, बुकिंग फी, डॅमेज वेव्हर (म्हणजे मोडतोड झाली तर भरपाईतून सुटका व्हावी म्हणून आधीच घेतलेली रक्कम) आणि कर चढतात. शेवटचा आकडा बघून नवरा म्हणाला, “एवढी क्लीनिंग फी देऊन वर आपणच भांडी घासायची?” कारण निघताना डिशवॉशर लावून जा, कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत टाका, टॉवेल एका जागी गोळा करा, आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत.

तरीही आईला केबिन आवडली, आणि तिचं म्हणणं मला पटतं. कारण सरळ आहे: स्वयंपाकघर. सकाळी आल्याचा चहा स्वतःच्या हाताने, दुपारी वरण-भात, रात्री पिठलं. हॉटेलात राहून ही सोय होत नाही, आणि गॅटलिनबर्ग गावात शाकाहारी माणसाचं जेवण पॅनकेक, पिझ्झा आणि फज यांच्यापलीकडे फारसं जात नाही. पण घरची तयारी करूनच जा. तिथल्या सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा चिरला जात नाही, पातेली दोन, आणि गुंडाळीच्या इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणजे नाहीच. आम्ही इंडक्शन, कुकर आणि तवा घेऊन गेलो होतो. फोडणी द्यायची तर आधी खिडक्या उघडा. आईच्या मोहरी-हिंगाने स्मोक अलार्म वाजला तेव्हा धाकटा नाचायला लागला आणि आई मात्र “आता पोलीस येतात की काय” म्हणून पदराने वारा घालत बसली.

पोरांसाठी खाली गेम रूम होती: पूल टेबल, एअर हॉकी, जुनी व्हिडिओ गेमची पेटी. पाऊस पडला तर हाच आधार. सजावटीबद्दल न बोललेलंच बरं. दिवा अस्वलाचा, उशी अस्वलाची, टिश्यूपेपरची दांडीसुद्धा अस्वलाच्या हातात.

खरं अस्वलही आहे, आणि ते गमतीत घेऊ नका. गावाला लागूनच असलेल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात सुमारे १,९०० काळी अस्वलं आहेत आणि त्यांना हद्द वाचता येत नाही. गाडीचं दार ती हँडल ओढून उघडतात. आतमध्ये दार मागून बंद झालं तर सीटचा चोथा होतो. चकली-चिवड्याचे डबे गाडीत ठेवायचे नाहीत, गाडी लॉक करायची, डेकवर खरकटं ठेवायचं नाही. पार्काचा नियम ५० यार्ड अंतर राखण्याचा आहे. आमच्या शेजारच्या डेकवरून कोणीतरी अस्वलाला चिप्स टाकत होतं. असल्या लोकांमुळेच ती जनावरं शेवटी मारावी लागतात.

आणखी एक गोष्ट, जी केबिनच्या रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही: रस्ता. केबिनींचे ड्राइव्हवे एवढे चढे असतात की आमची मिनीव्हॅन पहिल्या गिअरमध्ये रडत वर गेली. बर्फ पडला तर फोर व्हील ड्राइव्हशिवाय जाऊ नका असं त्यांच्या करारातच लिहिलेलं असतं. पण माझ्या डोक्यात बर्फापेक्षा आग होती. २०१६ च्या नोव्हेंबरात चिमनी टॉप्स शिखराकडे लागलेली आग २८ तारखेच्या रात्री वादळी वाऱ्याने गॅटलिनबर्गवर आली. १४ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त इमारती जळल्या, त्यांत कितीतरी अशाच डोंगरउतारावरच्या लाकडी केबिनी होत्या. अरुंद वळणावळणाचे रस्ते, वर पडलेली झाडं, आणि खाली उतरणाऱ्या गाड्यांची रांग. म्हणून केबिन निवडताना मी आता हॉट टबच्या आधी हे बघते की खाली उतरायला दुसरा रस्ता आहे का. शरदात पाऊस लांबला असेल तर नक्की बघा.

आता लॉज. माउंट ल कॉन्टची उंची ६,५९३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजारभर फूट जास्त. लॉज शिखराच्या थोडा खाली आहे आणि तिथे गाडीरस्ता नाही. पायी जायचं, दुसरा मार्गच नाही. सगळ्यात जवळची वाट अ‍ॅलम केव्ह ट्रेल, एका बाजूने पाच मैल आणि सुमारे २,७०० फुटांची चढण. सुरुवातीला ओढ्याकाठची सपाट वाट आहे, मग आर्च रॉक नावाच्या दगडी कमानीतून वर जाणाऱ्या पायऱ्या, मग अ‍ॅलम केव्ह. नाव गुहेचं, पण तो पुढे झुकलेला प्रचंड कडा आहे. बरेच लोक इथूनच परत फिरतात. त्यापुढे कड्याच्या अंगाने अरुंद वाट आणि धरायला लोखंडी दोर. थंडीत इथे बर्फ साचतो. आम्हाला एका वळणावर थोडा लागला. बुटांना लावायचे काटे बरोबर असू द्या.

बाबा सत्तरीला टेकलेत, पण पांडवगड चढून वाढलेले. त्यांनी वाटेत एकदाही “किती राहिलं” विचारलं नाही. लेकीने मात्र दर अर्ध्या मैलाला विचारलं.

वर पोचलात की काय मिळतं? लाकडी खोल्या, एकावर एक बंक, जाड लोकरी पांघरुणं, रॉकेलचा कंदील आणि गॅसचा छोटा हीटर. वीज नाही. शॉवर नाही. एक बादली मिळते, तीत स्वयंपाकघराकडून गरम पाणी आणायचं आणि हातपाय, तोंड धुवायचं. संडास वेगळ्या इमारतीत, सगळ्यांना मिळून, पण फ्लशचे आणि स्वच्छ. रात्री तिथवर टॉर्च घेऊन थंडीत चालत जावं लागतं. हे वाचून ज्यांच्या कपाळावर आठी आली त्यांनी केबिनच घ्यावी. त्यांत काही कमीपणा नाही.

हा लॉज पार्काच्या आधीचा. १९२० च्या दशकात जॅक हफ नावाच्या माणसाने तो उभा केला, पार्क झालं १९३४ मध्ये. या हफची आई आजारी होती आणि तिला माथ्यावरून दिसणारा सूर्यास्त-सूर्योदय बघायचा होता. त्याने पाठीला खुर्ची बांधली, आईला तीत बसवलं आणि चढून वर नेलं. त्याचा फोटो आहे: पाठीवर आई, तोंड मागच्या वाटेकडे. बाबांना ही हकीकत सांगितली तर म्हणाले, “टेनेसीचा श्रावणबाळ! आणि हा सुखरूप पोचला, हे बरं.” मग थोडं थांबून, “तुझ्या आईला सांगू नकोस, उद्या मला खुर्ची आणायला लावेल.”

लॉजचं सामान लामांच्या, म्हणजे उंटाच्या कुळातल्या लहानशा केसाळ जनावरांच्या, पाठीवरून येतं. हंगामात आठवड्यातून तीनदा लामांची रांग ट्रिलियम गॅपच्या वाटेने चढते, धुतलेल्या चादरी आणि ताजा माल वर, मळक्या चादरी आणि कचरा खाली. जड माल हंगामाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने टाकतात. लेकीला डोंगरापेक्षा लामांचं जास्त अप्रूप. जायचा दिवस निवडताना त्यांचे दिवस विचारून घ्या.

रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी दरातच असते. दर माणशी असतो आणि स्वस्त नाही, दीडशे डॉलरच्या वरच. घंटा झाली की सगळे एका मोठ्या खोलीत लांब टेबलांवर. मुख्य बेत बीफचा. शाकाहारी असाल तर हे बुकिंग करतानाच सांगा, वर पोचल्यावर सांगून उपयोग नाही, तिथून कोणी दुकानात धावत जाणार नाही. बाबांपुढे मॅश केलेला बटाटा, शेंगा, शिजवलेली सफरचंदं आणि कॉर्नब्रेड आलं. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, कॉर्नब्रेडला लावली आणि समोरच्या ओहायोच्या जोडप्यालाही वाढली. त्या बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आणि इथे मला जे कळलं ते असं. लॉजवर साठेक माणसं असतात, जेवण परक्यांच्या मांडीला मांडी लावून, खोल्यांच्या भिंती पातळ, शेजारचा घोरला तर ऐकू येतो. कागदावर एकांत शून्य. पण जेवणाआधी लॉजजवळच्या क्लिफ टॉप्स नावाच्या कड्यावर सूर्यास्त बघायला आम्ही वीसजण होतो आणि कोणीही बोलत नव्हतं. कोणाच्या स्पीकरवर गाणं नाही, गाडीचा आवाज नाही, नऊच्या सुमाराला सगळीकडे अंधार. खालच्या केबिनीत आम्ही सहाजणच होतो, तरी टीव्ही, वायफाय, एअर हॉकीची खटखट आणि समोरच्या डेकवरची कंट्री म्युझिक. माणसं कमी असली की एकांत मिळतो, असा हिशोब केबिनवाले विकतात. माझ्या अनुभवाने तो चुकीचा आहे. गाडी आणि वीज जिथे पोचत नाही तिथे साठ माणसांतही निवांत बसता येतं.

मोबाइलची रेंज वर कुठेकुठे येते, तिच्यामागे लागू नका. हवामानाचा मात्र धाक ठेवा. इथल्या उंच भागात वर्षाला ८५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. बाबांना हा आकडा सांगितला तर ते हसलेच, महाबळेश्वराला दोनशेच्या वर पडतो म्हणाले. पण महाबळेश्वरला छत्री घेऊन गाडीत बसता येतं, इथे चार अंशांत भिजून तीन तास चालायचं असतं. रेनकोट चांगला घ्या, सुती कपडे घालू नका.

बुकिंग हेच लॉजचं सगळ्यात अवघड प्रकरण. मार्चअखेर ते नोव्हेंबरअखेर एवढाच हंगाम, आणि पुढच्या वर्षाच्या जागांसाठी आदल्या शरदातच मागणी नोंदवावी लागते. वीकेंड आणि ऑक्टोबर हवा असेल तर आशा कमी, मधल्या वारांना थोडी जास्त. कोणी रद्द केलं तर एखादी जागा ऐनवेळी सुटते, आम्हाला तशीच मिळाली. वरची रात्र हातात आली की मगच खालच्या केबिनच्या तारखा धरा. उलट करायला गेलात तर नुसती केबिनच होईल.

पार्काला प्रवेश फी नाही, पण मार्च २०२३ पासून गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५, वर्षाचा ४०. लॉजवर राहणाऱ्यांनाही तो लागतोच, आणि रात्रभर गाडी खाली राहणार म्हणून आठवड्याचाच घ्या. अ‍ॅलम केव्हची पार्किंगची जागा सकाळी लवकर भरते. वेअर्स व्हॅलीतून यायला पाऊण तासाच्या वर लागतो, आणि त्या दिवशी आईने सगळ्यांना पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे आम्ही गाडी रस्त्याकडेला बरीच खाली लावून पाच मैलांचे साडेपाच केले.