भुऱ्याचा उन्हाळा: थंड गादी, ओलं जॅकेट आणि माठाची तिवई (पाच महिन्यांच्या वापरानंतर)

होळी झाली की आमच्या नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात. यंदा कूलरच्या ताट्यांसोबत भुऱ्यासाठीही खरेदी केली: १,३५० रुपयांची जेलची थंड गादी आणि १,८०० रुपयांचं, पाण्यात भिजवून घालायचं जॅकेट. भुऱ्या सहा वर्षांचा लॅब्रडॉर. वजन ३४ किलो, त्यातले चारेक किलो आईच्या पोळ्यांचे. मार्च ते जुलै दोन्ही वस्तू वापरल्या आणि मगच लिहायला बसलो, कारण घेताना वाचलेले सगळे रिव्ह्यू 'पहिल्याच दिवशी जाऊन झोपला, खूप आवडली' छापाचे होते. पहिल्या दिवशी आमचाही झोपला होता.

आधी गादी. वीज लागत नाही, पाणी भरावं लागत नाही. कुत्रं वर बसलं की आतलं जेल त्याच्या अंगाची उष्णता ओढून घेतं. मार्चभर मजेत चाललं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब गादीवरून उठून स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली जाऊन पडायला लागले. माठ पाझरतो, खालची फरशी कायम ओली. तिवईच्या तीन पायांत एवढं धूड कसं मावतं ते बघायला शेजारची पोरं यायची. माठ दोनदा पडता पडता वाचला.

मला वाटलं, नुसते नखरे. मग एका दुपारी तीन वाजता, लाइन गेलेली असताना, तापमापक गादीवर ठेवून पाहिला. ३९ अंश! कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमानच ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं. म्हणजे गादी त्याच्याइतकीच तापलेली, ती त्याची उष्णता काय ओढणार? जेल खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही, हे जाहिरातीत कुठेच नव्हतं. खोली पंचवीस-सव्वीसवर असेल तर गादी छान चालते. म्हणजे एसीच्या खोलीत चालते, जिथं तिची फारशी गरज नसते. तासाभरात तिथंही कोमट होते आणि कुत्रं उठून गेलं की थोड्या वेळानं पुन्हा गार. आईनं उपाय म्हणून ती फ्रिजमध्ये कोंबायचा प्रयत्न केला. तसं करू नका असं सूचनेत लिहिलंय, शिवाय मावलीही नाही.

मेच्या मध्याला नखानं कोपरा फाटला आणि निळसर चिकट जेल फरशीवर आलं. डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यानं चाटलं नव्हतं म्हणून निभावलं. कंपनीनं 'वापरातली झीज' म्हणत हात वर केले. चावरं पिल्लू असेल तर हिच्या वाटेला जाऊच नका.

जॅकेटची गोष्ट वेगळी. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंज्यांच्या तळव्यांना. बाकी सगळा भार धापा टाकण्यावर: जिभेवरची, तोंडातली ओल उडते आणि अंग निवतं. जॅकेट म्हणजे अंगावर चढवलेला माठच, कापडातलं पाणी उडतं आणि खालची कातडी गार राहते. मेमधली आमची कोरडी हवा त्याला फार मानवली. पहाटे सव्वापाचला फिरायला निघताना घालायचो, परत येईपर्यंत धापा अर्ध्यावर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र पाऊण तासात खडखडीत वाळायचं, मग पुन्हा बादलीत. वाळलेलं जॅकेट अंगावर तसंच ठेवणं म्हणजे भर उन्हाळ्यात स्वेटर.

दोन तक्रारी. माप छातीच्या घेरावरून घ्या, वजनावरून नको. आमचं काखेत घासून केस गेले आणि बदलून घेण्यात आठवडा गेला. दुसरं, बोअरच्या पाण्यात भिजवत होतो तर महिन्यात कापडावर पांढरा थर चढून ते पापडासारखं कडक झालं. आता नळाचंच पाणी वापरतो आणि रोज सावलीत पूर्ण वाळवतो, नाहीतर कुबट वास येतो.

आता जूनमधला तो दिवस. पहिली सर येऊन गेली होती, आभाळ भरलेलं, ३६ अंश. 'आज ऊन नाही' म्हणून सकाळी आठला जॅकेट घालून निघालो, ही माझी चूक. हवेतच एवढी ओल की जॅकेटमधलं पाणी उडेना. परतताना भुऱ्या फाटकापाशीच बसला. लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या लालभडक, हाक मारली तर नजर दुसरीकडेच. ताप १०५ फॅरनहाइट, म्हणजे साडेचाळीस सेल्सिअसच्या वर. आधी जॅकेट काढलं, नळीनं पोटावर, मांड्यांवर, पंज्यांवर साधं पाणी सोडलं, उभा पंखा लावला. ओला टॉवेल वर टाकून ठेवला नाही. तो अंगाच्या उष्णतेनंच तापतो आणि वारा अडवतो. १०३ वर आल्यावर पाणी थांबवून गाडीत घालून दवाखान्यात. सलाइन लागलं, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी पोळी मागायला लागला. डॉक्टर म्हणाले, आधी गार केलंत आणि मग आणलंत, हे बरं केलंत.

तेव्हापासून जॅकेट पेटीत. तीच गत कूलरची. मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांवरून येणारा वारा खोली एकतीसवर आणायचा, भुऱ्याची दुपार खरी निभवली ती त्यानंच. पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता दमटपणा ओततो. तेव्हा पाण्याचा पंप बंद, फक्त पंखा.

बूटही घेतले होते, त्यावर न लिहिणंच बरं. दोन पावलं नाचला आणि बसला. त्यापेक्षा हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहतो. ठेववत नसेल तर फिरणं रद्द. आमचे सिमेंट रोड रात्री नऊलाही तापलेले असतात.

गुण द्यायचेच तर जॅकेटला पाचपैकी चार, पण फक्त विदर्भ-खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये. गादीला दोन. ठाण्याचा आतेभाऊ जॅकेट मागत होता, त्याच्याकडे पग आहे. त्याला सरळ नाही म्हटलं. चपट्या नाकाचं कुत्रं आधीच धापांत कमी पडतं, त्यात तिकडची दमट हवा; त्या पैशांत विजेचं बिल भर आणि एसी लाव म्हटलं. तो अजून रुसलाय.

फाटक्या गादीला टेप लावून ती एसीच्या खोलीत टाकली आहे. भुऱ्या तिच्यावरून चालत जातो आणि तिवईखाली पडतो. आईनं माठ आता ओट्यावर ठेवलाय, तिवई त्याच्यासाठी तिथंच सोडली आहे.